बिल्ल्याची मागची बाजू

न्यू जर्सीतल्या एका जुन्या बाजारात विक्रेत्याने टेबलाखालून सिगारचं लाकडी खोकं काढलं. कुणाच्या तरी घराची आवराआवर झाली तेव्हा ते त्याच्याकडे आलं होतं. आत पहिल्या महायुद्धातल्या एका शिपायाचा सेवामुक्तीचा कागद होता, दोन फोटो होते, युद्धकर्जाला पैसे दिल्याचे बिल्ले होते, निळा तारा असलेला एक बिल्ला होता आणि रुपयाच्या नाण्याएवढा आणखी एक, ज्यावर गणवेशातल्या पोराचा फोटोच बसवलेला. मी सगळं खोकं मागितलं. तो म्हणाला, कागदांचं गिऱ्हाईक वेगळं, फोटोंचं वेगळं, बिल्ल्यांचं वेगळं. माझ्या डोळ्यांदेखत कागद पाकिटात गेला, फोटो दुसऱ्या डब्यात गेले, बिल्ले आकाराप्रमाणे ट्रेमध्ये पडले. फोटोचा बिल्ला मी घेतला. त्या पोराचं नाव त्या कागदावर होतं. आता चेहरा माझ्याकडे आहे आणि नाव दुसऱ्या कुणाच्या तरी फाइलमध्ये.

असं घर फोडून विकणं थांबायला हवं. विक्रेते ते थांबवणार नाहीत, आम्ही गोळा करणाऱ्यांनीच ते थांबवलं पाहिजे. युद्धाच्या बिल्ल्यांची खरी किंमत त्यांच्या चकाकीत नाही. लढून आलेल्याला पदक मिळतं, त्याची सरकारदरबारी नोंद असते. बिल्ला घरी राहिलेल्यांचा असतो. शिपायाची आई, शाळकरी मुलगी, गिरणीतला कामगार, कोपऱ्यावरचा दुकानदार. युद्ध चालू असताना या माणसांनी काय मानलं, कशासाठी पैसे दिले, कुणाचा द्वेष केला, कुणाला भ्यायली, हे सांगणारी इतकी थेट वस्तू मला दुसरी माहीत नाही. आणि तिची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. कुणी लावला होता हे लिहून ठेवलं नाही, तर ते कायमचं जातं.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. रसायनशास्त्र शिकले, नोकरीची वर्षं पॉलिमरच्या प्रयोगशाळेत गेली आणि आता एडिसनला राहते. इथून नेवार्क जवळ. बिल्ल्यांचा इतिहास त्याच शहरात घडला. निवडणुकीत प्रचाराच्या जीपमागे धावून मिळवलेले पत्र्याचे बिल्ले पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवतील. त्यांचा पूर्वज नेवार्कच्या ‘व्हाइटहेड अँड होग’ कंपनीने १८९६ साली पेटंट घेऊन बाजारात आणला. गोल कापलेला छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, खाली पत्र्याची वाटी, तिन्ही दाबून धरणारं मागचं कडं आणि कड्यात अडकवलेली स्प्रिंगच्या तारेची टाचणी. त्याच वर्षी मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्यात अध्यक्षपदाची लढत झाली आणि बिल्ले गावोगाव गेले. सिगारेट आणि च्युइंगमच्या कंपन्या मालाबरोबर ते फुकट वाटू लागल्या. दोनच वर्षांनी युद्ध आलं आणि सगळी यंत्रं तयारच होती.

सेल्युलॉइडबद्दल थोडं सांगते, कारण माझा या छंदात शिरकाव तिथून झाला. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि त्यात कापूर मिसळायचा, की सेल्युलॉइड होतं. जुन्या बिल्ल्यांचा बंद डबा उघडला तर अजूनही कापराचा वास येतो. कापसातलं नायट्रेटचं प्रमाण आणखी वाढवलं, की त्याचंच गनकॉटन होतं, तोफांच्या बिनधुराच्या दारूतलं स्फोटक. म्हणजे १८९८ च्या लढाईत उडालेली काडतुसं आणि त्या लढाईचा जयजयकार करणारा बिल्ला हे एकाच रसायनाचे दोन अवतार. आणि कापूर? तो प्रामुख्याने फोर्मोसातून, म्हणजे आजच्या तैवानमधून येई. ते बेट जपानने १८९५ साली चीनला हरवून घेतलं आणि १८९९ मध्ये कापराच्या व्यापारावर सरकारी मक्तेदारी बसवली. कापराची झाडं ज्या डोंगरांत होती, तिथल्या आदिवासींना मागे रेटत जपानी चौक्यांची रेषा पुढे सरकत गेली. बिल्ल्यावरचं चित्र एका युद्धाचं असतं, पण त्याच्यावरचा पापुद्रा भलत्याच लढाईतून आलेला असू शकतो.

अमेरिकेच्या युद्ध-बिल्ल्यांची सुरुवात ‘रिमेंबर द मेन’पासून धरतात. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि २६० हून अधिक खलाशी मेले. नौदलाच्या चौकशीने पाणसुरुंगाचा निष्कर्ष काढला, वर्तमानपत्रांनी स्पेनला दोषी ठरवलं, बिल्ल्यांवर जहाजाचं चित्र आणि अमेरिका-क्यूबाचे झेंडे आले. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं, ऑगस्टमध्ये संपलं. पुढे १९७६ साली ॲडमिरल रिकोव्हर यांनी अभियंत्यांकडून पुन्हा तपास करवला, तेव्हा स्फोट जहाजाच्या आतच, बहुधा कोळशाच्या कोठारातल्या आगीने झाला असावा, असं मत पुढे आलं. बिल्ला लावणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता. पण निकाल त्याच्या कोटावर लागून गेला होता.

त्याच युद्धातले ॲडमिरल ड्यूई यांचे बिल्ले आजही ढिगाने मिळतात. १ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात त्यांनी स्पेनचं आरमार बुडवलं. पांढऱ्या मिशा, नौदलाची टोपी, भोवती झेंडे. नव्या संग्राहकाच्या ट्रेमध्ये पहिल्यांदा हाच चेहरा येतो. पण ड्यूईंच्या विजयानंतर फिलिपिन्स अमेरिकेने ठेवून घेतलं आणि १८९९ ते १९०२ तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांशीच युद्ध केलं. २०,००० हून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले, आणि हिंसा, उपासमार व रोगराईने मेलेल्या सामान्य लोकांचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जातो. त्या युद्धाचे बिल्ले मला बाजारात क्वचितच दिसतात. संग्रहात ड्यूईंची रांग लावणाऱ्याने शेजारी ही माहिती लिहिलीच पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणते. नाहीतर आपण १८९८ च्या जाहिरातदाराचं काम फुकटात पुढे चालवतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश-बोअर युद्धाचे बिल्ले हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग, कारण त्यावरचे बहुतेक चेहरे आपल्याकडे येऊन गेलेले आहेत. लॉर्ड रॉबर्ट्स कानपुरात जन्मलेले आणि पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती. लेडीस्मिथचा बचाव करणारे सर जॉर्ज व्हाइट हेही आपल्याकडचे माजी सरसेनापती. किचनर तर बोअर युद्ध संपताच १९०२ मध्ये हिंदुस्थानात त्याच पदावर आले. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी हे सगळे सेनापती छातीवर मिरवले. अमेरिकेत बोअरांविषयी सहानुभूती असणाऱ्यांसाठी बोअरांचे अध्यक्ष क्रूगर यांचेही बिल्ले निघाले. लेडीस्मिथचा वेढा ११८ दिवस चालला. त्या गावात प्रभुसिंग नावाचा एक गिरमिटिया हिंदी मजूर होता. डोंगरावरच्या बोअर तोफेची चमक दिसली रे दिसली की घंटा वाजवून लोकांना सावध करायचं, हे त्याचं काम. तोफगोळ्यांच्या माऱ्यात तो आपली जागा सोडत नसे. गांधीजींनी त्याच्याविषयी लिहिलं आहे. व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन यांनी त्याच्यासाठी झगा भेट पाठवला. गांधीजींच्या स्वतःच्या शुश्रूषा पथकात सुमारे ११०० हिंदी माणसं होती, त्यातले बरेचसे गिरमिटिये. प्रभुसिंगच्या चेहऱ्याचा बिल्ला मी कधी पाहिलेला नाही. म्हणून माझ्या फ्रेममध्ये व्हाइटसाहेबांच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवली आहे आणि तिथे त्याचं नाव लिहिलं आहे.

किचनरचा बिल्ला मी ठेवते, पण एकटा ठेवत नाही. ज्या काळात मुलं तो लावून हिंडत होती, त्याच काळात किचनरच्या सैन्याने बोअरांची शेतं जाळून बायकामुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे २६,००० हून अधिक बोअर बायका आणि मुलं मेली. काळ्या आफ्रिकनांसाठीच्या वेगळ्या छावण्यांत नोंद झालेले मृत्यूच १४,००० च्या वर आहेत. एमिली हॉबहाउस या बाईंनी हे इंग्लंडात जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनाच देशद्रोही ठरवलं गेलं.

आता पहिलं महायुद्ध. इथे बिल्ला हौसेची वस्तू राहत नाही, परवाना होतो. अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी युद्धात उतरली आणि खर्चासाठी सरकारने जनतेकडून कर्ज उभारलं. चार ‘लिबर्टी लोन’ आणि १९१९ चं ‘व्हिक्टरी लोन’. रोखे घेतले की बिल्ला मिळे. सिनेमागृहात रीळ बदलायच्या वेळात चार मिनिटांचं भाषण ठोकणारे सुमारे ७५,००० स्वयंसेवक सरकारने उभे केले होते. त्यांना ‘फोर मिनिट मेन’ म्हणत. भाषण संपलं की दारात रोख्यांचे फॉर्म. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ज्याच्या छातीवर बिल्ला नाही, त्याच्याकडे माना वळत. माना वळण्यावर भागलं नाही. रोखे न घेणाऱ्यांच्या घरांना पिवळा रंग फासला गेला. ५ एप्रिल १९१८ रोजी इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलमध्ये रॉबर्ट प्रेगर या जर्मनीत जन्मलेल्या खाणकामगाराला जमावाने झाडाला टांगून मारलं. खटला झाला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले.

हे कळल्यापासून लिबर्टी लोनच्या बिल्ल्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. तो प्रेमाने घेतलेला होता की भीतीने? पुढची बाजू काहीच सांगत नाही, तिथे स्वातंत्र्यदेवी असते. मागची बाजू कधीकधी सांगते. टाचणी वारंवार उघडझाप करून सैल झालेली, कड्यावर घामाचा गंज, कोटाच्या लोकरीचा धागा अडकलेला. असा बिल्ला रोज लावला गेला होता. आणि तो एखाद्या जर्मन आडनावाच्या घरातल्या खोक्यातून आला असेल तर त्याचा अर्थच पालटतो. खोकं फोडलं की हा अर्थ गेला.

लहान मुलांचे बिल्लेही आहेत. नोव्हेंबर १९१८ मध्ये सैनिकांच्या सोयींसाठी निधी गोळा करायची देशव्यापी मोहीम निघाली. त्यात मुलांना ‘व्हिक्टरी बॉइज’ आणि ‘व्हिक्टरी गर्ल्स’ म्हणत. स्वतः काम करून पैसे कमवून देईन, असा शब्द दिला की बिल्ला. मोहीम सुरू झाली त्या ११ तारखेलाच युद्धविराम झाला. तरी पोरांनी दिलेला शब्द पाळायचा होता. ऑस्ट्रेलियात याच वर्षांत रस्त्यावर बिल्ले विकून निधी जमवण्याचे खास दिवस असत. ॲडलेडमध्ये जुलै १९१५ पासून मृत सैनिकांसाठी ‘व्हायोलेट डे’ पाळला गेला. अमेरिकेत बिल्ल्यावरचा निळा तारा म्हणजे घरातला एक मुलगा सैन्यात आहे. तो मेला की ताऱ्याचा रंग सोनेरी. त्या खोक्यातला तारा निळा होता, सेवामुक्तीचा कागदही होता, म्हणजे पोरगा परत आला होता. एवढं समजायलाही दोन्ही वस्तू एकत्र पाहाव्या लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाचे बिल्ले बहुतेक थेट पत्र्यावर छापलेले, स्वस्त. ‘रिमेंबर पर्ल हार्बर’ सगळीकडे मिळतो. त्याच्या बरोबरीने जपान्यांना माकड, उंदीर, साप दाखवणारं अतिशय विखारी साहित्यही निघालं. बरेच संग्राहक ते लपवतात, काही फेकून देतात. मी दोन्हीच्या विरोधात आहे. ते ठेवलं पाहिजे आणि त्याच्याजवळ डिसेंबर १९४१ नंतर चिनी-अमेरिकनांनी लावलेला, मी चिनी आहे असं सांगणारा बिल्ला ठेवला पाहिजे. जपानी समजून कुणी मारू नये म्हणून लावलेला बिल्ला. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत नेलं गेलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. हे तीन दुवे एका पानावर आले की शाळेतल्या मुलालाही पुढचं समजावून सांगावं लागत नाही. मी इथल्या मराठी शाळेतल्या मुलांपुढे ते ठेवून पाहिलं आहे. एका मुलीने विचारलं, “आणि जपानी लोकांनी कुठला बिल्ला लावायचा?” तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, तो तसाच पानावर लिहून ठेवला.

बाजाराचं गणित मात्र उलटं चालतं. डाग नाही, ओरखडा नाही, टाचणी कोरी, म्हणजे किंमत जास्त. कागदात ओल शिरून तपकिरी ठिपके पडले की किंमत कोसळते. कधीच न लावलेला बिल्ला सर्वांत महाग, आणि ज्याने युद्ध पाहिलं तो स्वस्त! छपाईचा नमुना म्हणून कोरा बिल्ला जपायला माझी हरकत नाही. पण कोऱ्या बिल्ल्याने कुणाच्याही आयुष्यात काही केलेलं नसतं.

नकलांचा उपद्रवही आहे. १९७२ साली एका तेल कंपनीने जाहिरातीसाठी जुन्या प्रचारबिल्ल्यांच्या नकलांचे संच वाटले. असल्या नकला अस्सल म्हणून खपू लागल्यामुळे अमेरिकेने १९७३ मध्ये ‘हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट’ केला आणि नकलेवर वर्ष छापणं बंधनकारक झालं. ओळखायची एक सोपी खूण लक्षात ठेवावी. थेट पत्र्यावर छापण्याची पद्धत १९२० च्या सुमारास रुळली. त्यामुळे १८९८ चं चित्र सेल्युलॉइडशिवाय थेट पत्र्यावर दिसलं, तर ते तेव्हाचं नाही.

कुणाकडे असे बिल्ले असतील तर ते पाण्याने धुऊ नका; कडेतून पाणी आत शिरतं आणि कागद संपतो. हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका. सेल्युलॉइड म्हातारं झालं की आम्लाची वाफ सोडतं, ती कोंडली की टाचणी गंजते आणि शेजारचे बिल्लेही जातात. आंबूस, झोंबरा वास आला तर तो बिल्ला ताबडतोब वेगळा काढा. उन्हात, दिव्याखाली, स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, हे लवकर पेट घेणारं द्रव्य आहे. जुन्या सिनेमाची फिल्म याच जातीची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा ठेवा आगीत गेला, त्याची आठवण आजही पोटात कालवते.

माझ्या जिल्ह्यात मिलिटरी आपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान मेले, त्यांचा स्मृतिदगड तिथे आहे. दगडामुळे गेलेले लक्षात राहिले. घरी राहिलेल्यांचं काय? आपल्याकडेही त्यांच्या खुणा आहेत, त्या फक्त बाजारात आल्या नाहीत म्हणून आपण त्यांना जुन्या वस्तू मानत नाही. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला, १९४९ पासून, पैसे देऊन टाचणीने लावलेले लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या रंगाचे कागदी झेंडे. १९६२ च्या हिवाळ्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्या दिवसांत राष्ट्रीय संरक्षण निधीला बांगड्या, पाटल्या, मंगळसूत्रातले मणी काढून देणाऱ्या बायकांना मिळालेल्या पावत्या. १९६५ आणि १९७१ मध्ये शाळेत वाटलेलं काहीबाही. दिवाळीच्या साफसफाईत हे सगळं रद्दीत जातं.

जिल्ह्याच्या संग्रहालयांनी हे मागून घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. सुटं नको, घराच्या नावानिशी हवं. निधीची पावती, बांगड्या दिलेल्या आजीचा फोटो आणि तिने नंतर हातात काय घातलं याची दोन ओळींची नोंद, हे एका पाकिटात. आजी हयात असेल तर तिला विचारायचं की तू आपणहून दिल्यास की गल्लीतल्या सगळ्या देत होत्या म्हणून दिल्यास, आणि ती जे सांगेल ते तसंच उतरवायचं, गौरवाच्या भाषेत बदलायचं नाही. नाव, गाव, साल पाकिटावर पेन्सिलीने लिहावं. आपल्या पावसाळी हवेत शाई पसरते. माझ्या संग्रहासाठी मी इच्छापत्रात हेच लिहिलं आहे: विकायचा तर अख्खा, नोंदवह्यांसकट, आणि घेणारा मिळाला नाही तर मिळेपर्यंत थांबायचं.